पडदा केवढा असावा?

घरात एखादी नवी वस्तू आली म्हणजे ती आपल्यापुरती जागा घेऊन गप्प बसते असे क्वचितच घडते. ती जुन्या वस्तूंना सरकावयास लावते आणि माणसांच्या बसण्याउठण्याच्या सवयींतही हात घालते. शिवणयंत्र आले तेव्हा त्याने खिडकीजवळची उजेडाची जागा मागितली. रेडिओ आला तेव्हा त्याच्यासाठी भिंतीला फळी ठोकावी लागली. दूरचित्रवाणी आली तेव्हा तर घरोघरच्या खुर्च्यांची तोंडे एका संध्याकाळीत फिरली, आणि ज्या भिंतीकडे तोवर कोणी फारसे पाहत नसे, ती भिंत घराचा दर्शनी भाग होऊन बसली. आता आपल्या खेड्यांतूनही प्रोजेक्टर येऊ लागला आहे. यंत्र आकाराने लहान, बिस्किटाच्या डब्याएवढे. परंतु ते मागते मात्र एक अखंड भिंत.

कोणाला त्यावर क्रिकेटचा सामना पाहावयाचा असतो, कोणाला मुलीच्या लग्नाची फिल्म, तर कोणाला आखातात नोकरीस असलेल्या मुलाचा चेहरा. हेतू कोणताही असो, दुकानात पाऊल टाकताच पहिला प्रश्न येतो तो असा : "पडदा किती इंची पाहिजे?" आणि त्याचे उत्तरही तेथेच तयार असते : "जितका मोठा तितका चांगला." आम्हांला हा प्रश्नच उलट्या टोकाने विचारलेला वाटतो. पाहणार कोण, तो कोठे बसणार, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी पाहणार, हे आधी ठरले पाहिजे. त्यानंतर इंचांचा आकडा आपोआप पुढे येतो. गेल्या वर्षी आमच्या घरी हा सारा विचार करण्याचा प्रसंग आला, आणि त्यातून जे हाती लागले ते धर्मग्रामातील कुटुंबांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडीत आहो.

भिंतीवर उजेडाने चित्र उमटविण्याची कला आपणा ख्रिस्ती लोकांना परकी नव्हे. हॉलंडमधील शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५९ च्या सुमारास असा दिवा तयार केला. रोममधील येशूसंघीय धर्मगुरू अथानासिउस किर्खर यांनी प्रकाश व छाया या विषयावरील आपल्या ग्रंथाच्या १६७१ च्या आवृत्तीत त्याचे वर्णन व चित्रे दिली. त्या चित्रांत एक मौज आहे. चित्रांची काच भिंगाच्या मागे असावयाची, ती तेथे भिंगाच्या पुढे दाखविली आहे. तशा मांडणीने भिंतीवर स्पष्ट प्रतिमा उमटणे शक्य नाही. दिवा तोच, काच तीच, भिंगही तेच. तरी एका वस्तूची जागा चुकली की सारे व्यर्थ. ही गोष्ट साडेतीनशे वर्षांनंतरही तितकीच खरी आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ गावोगाव केले. आणि १९११ च्या सुमारास मुंबईत दादासाहेब फाळके यांनी जो चित्रपट पाहून स्वतः चित्रपट काढण्याचा निश्चय केला, तो होता प्रभू ख्रिस्ताच्या चरित्राचा. त्याच निश्चयातून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला.

आमच्या बालपणी उपवासकाळात फादर चर्चच्या पटांगणात दोन बांबूंना पांढरे कापड ताणून बांधीत आणि सोळा मिलिमीटरच्या यंत्रावर प्रभूच्या दुःखसहनाची फिल्म दाखवीत. उशिरा आलेली मंडळी कापडाच्या मागील बाजूस बसत. त्यांना सारे आरशातल्यासारखे उलट्या बाजूने दिसे, तरी कोणी तक्रार करीत नसे. फिल्म सुरू होण्यापूर्वी फादर यंत्राचे टेबल पुढे ओढीत, मागे ढकलीत. टेबल मागे गेले की चित्र वाढे आणि कापडाबाहेर चर्चच्या भिंतीवर सांडे. पुढे आले की आटोपशीर व तेजस्वी होई. चित्र कापडात बरोबर बसले म्हणजे टेबलाच्या पायांखाली दगड लावून ते पक्के करीत. प्रोजेक्टरची जागा ठरविण्याचे सारे शास्त्र त्या ओढण्याढकलण्यात सामावलेले होते, हे आम्हांला फार उशिरा उमगले.

आमच्या घरी प्रोजेक्टर आणण्याचे कारण आमच्या मातोश्री. त्यांचे वय अठ्ठ्याऐंशी. तीन वर्षांपूर्वी खुब्याचे हाड मोडल्यापासून चर्चच्या पायऱ्या चढणे त्यांना अशक्य झाले आहे. पहिल्या शुक्रवारी फादर घरी येऊन त्यांना ख्रिस्तप्रसाद देतात, आणि तो दिवस त्या महिनाभर मोजीत असतात. परंतु रविवारी सकाळी आम्ही सारे चर्चला निघालो म्हणजे त्या खिडकीत बसून घंटेचा आवाज ऐकत राहत. २०२० साली साथीमुळे चर्चची दारे बंद झाली, तेव्हा तळहाताएवढ्या फोनवर सारे घर मिस्सा पाहत असे. त्या वर्षी २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसात, रिकाम्या संत पेत्राच्या चौकात एकटे उभे राहून जगासाठी प्रार्थना करीत होते, ते दृश्यही आम्ही तसेच पाहिले. त्या वेळी मातोश्री दुसऱ्या दिवसापासून चर्चला जाण्याच्या आशेवर होत्या. आता ती आशा नाही, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही फोनवरील अक्षर त्यांना लागत नाही. म्हणून रविवारची मिस्सा त्यांना भिंतीवर दिसावी असे घरात ठरले. आमचे चिरंजीव व नातवंडे यांच्या मनात क्रिकेटही होते, हे लपविण्यात अर्थ नाही.

आमचे घर बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, मंगळुरी कौलांचे. सोपा पूर्वपश्चिम १६ फूट लांब व ११ फूट रुंद. पूर्वेच्या भिंतीवर आमच्या आजोबांनी बसविलेली वेदी आहे : येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, पवित्र मरियेची लहान मूर्ती आणि दोन मेणबत्त्या. पश्चिमेस मोठे दार व एक खिडकी. दक्षिणेस दोन खिडक्या. उत्तरेस माजघरात जाणारी दोन दारे आणि त्यांच्या मधोमध ८ फुटांची कोरी भिंत.

चिरंजीवांनी प्रथम पूर्वेची भिंत सुचविली. लांबी पुरेपूर मिळते. वेदीच्या वर गुंडाळीचा पडदा बसवावा, हवा तेव्हा खाली ओढावा, नको तेव्हा वर सोडावा, म्हणजे वेदी हलविण्याचेही कारण नाही. हिशेब बिनचूक होता. मातोश्रींनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "अरे, पडदा खाली आला की देव पडद्याआड, वर गेला की देव पुढे. असे रोज चालवणार का?" मग पश्चिमेची भिंत पुढे आली. तेथे मोठ्या दारावर पडदा सोडता आला असता. परंतु मग मिस्सा पाहताना साऱ्या घराची पाठ वेदीकडे झाली असती. यावर काही वेळ कोणीच बोलले नाही. वेदी आजूबाजूच्या भिंतीवर नेण्याची सूचना एकाच्या ओठांवर आली होती. ती त्याने गिळली. ज्या वेदीपुढे घरातील तीन पिढ्यांनी माळ धरली आणि घरातील प्रत्येक मृताला अखेरचा निरोप दिला, ती एका यंत्राच्या सोयीसाठी हलवावी की नाही, हा प्रश्न इंचांचा नव्हताच. सूनबाई उठल्या, त्यांनी शिवणाच्या डब्यातील टेप काढली आणि उत्तरेची भिंत मोजावयास घेतली.

उत्तरेच्या भिंतीकडे तोंड करून बसले म्हणजे वेदी उजव्या हाताला राहते. ती झाकली जात नाही, तिच्याकडे पाठही होत नाही. माळेच्या वेळी फक्त अंग वळवावयाचे. अडचण एकच : येथे लांबीचे १६ फूट मिळत नाहीत, रुंदीचे ११ फूटच मिळतात. एवढ्या अंतरात चित्र केवढे उमटेल?

याचे उत्तर प्रत्येक प्रोजेक्टरच्या पुस्तिकेत एका आकड्यात दिलेले असते. भिंगापासून पडद्यापर्यंतच्या अंतराला चित्राच्या रुंदीने भागावे, म्हणजे तो आकडा येतो. आम्ही पाहिलेल्या प्रोजेक्टरचा आकडा १.५ होता, म्हणजे चित्राची रुंदी १ फूट हवी तर यंत्र दीड फूट दूर पाहिजे. पूर्वेच्या भिंतीसाठी ते १५ फुटांवर ठेवले असते तर चित्र १० फूट रुंद झाले असते, आणि ११ फुटांच्या भिंतीवर वेदीला श्वास घ्यावयासही जागा उरली नसती. काही यंत्रांत भिंग फिरवून चित्र थोडे लहानमोठे करता येते. त्यांच्या पुस्तिकेत दोन आकडे असतात, आणि त्या दोहोंमधील कोणतेही अंतर चालते. फार जवळून मोठे चित्र टाकणारी यंत्रेही मिळतात. त्यांचा आकडा एकापेक्षा पुष्कळ कमी असतो, किंमत मात्र बहुधा अधिक.

दुकानात पडद्याचे जे इंच सांगतात ते रुंदीचे नव्हेत, तर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतच्या तिरप्या रेषेचे. आजच्या चित्रांत रुंदी १६ भाग तर उंची ९ भाग असते. त्यामुळे सांगितलेल्या इंचांना ०.८७ ने गुणले म्हणजे रुंदी मिळते आणि ०.४९ ने गुणले म्हणजे उंची. शंभर इंची पडदा प्रत्यक्षात ८७ इंच रुंद व ४९ इंच उंच असतो. हा हिशेब घरूनच करून जावे. दुकानातील मोठ्या दालनात साऱ्याच वस्तू लहान दिसतात, आणि घरी आल्यावर त्या वाढतात.

आता पाहणाऱ्याचे अंतर. डोळ्यांना श्रम न होता सारे चित्र एका दृष्टीत मावावे आणि अक्षरही लागावे, यासाठी पाहणाऱ्याने पडद्याच्या तिरप्या मापाच्या सुमारे १.२ ते १.६ पट दूर बसावे, असा सर्वसाधारण नियम आहे. मातोश्रींची आरामखुर्ची दक्षिणेच्या भिंतीला लागून ठेवली म्हणजे त्यांचे डोळे पडद्यापासून ९ फुटांवर, म्हणजे १०८ इंचांवर येतात. या हिशेबाने पडदा ६८ इंचांहून लहान नसावा आणि ९० इंचांहून मोठा नसावा. दुकानदाराने आग्रह धरलेल्या १२० इंची पडद्यासाठी निदान १२ फूट दूर बसावे लागले असते, आणि आमचा सोपाच मुळी ११ फुटांचा! पडद्याच्या फार जवळ बसून पाहणाऱ्याला डावीउजवीकडे मान फिरवीत राहावे लागते.

कागदावरचा हिशेब झाला तरी डोळ्यांची साक्ष घेतल्यावाचून आम्ही काही ठरविले नाही. सुताराचा ओळंबा व सुतळी घेऊन उत्तरेच्या भिंतीवर खडूने तीन चौकटी आखल्या : ६० इंची, ७५ इंची आणि ९० इंची. शेजारच्या गावातील एका आप्तांचा प्रोजेक्टर एका रविवारपुरता मागून आणला, तो स्टुलावर ठेवला, आणि फादर टेबल सरकवीत तसा तो पुढेमागे सरकवीत तिन्ही चौकटींत मराठी मिस्सा लावून पाहिली. हा प्रयोग मुद्दाम सकाळी आठ वाजता केला, कारण मातोश्री रविवारी त्याच वेळी मिस्सा पाहणार होत्या. रात्रीच्या अंधारात कोणतेही यंत्र शहाणे दिसते. त्याची परीक्षा दिवसा घ्यावी.

९० इंचांच्या चौकटीत चित्र भव्य दिसले, पण फिके. यंत्रातून बाहेर पडणारा उजेड तेवढाच असतो. तो मोठ्या जागेवर पसरला की पातळ होतो. १२० इंची पडद्याचे क्षेत्रफळ ७५ इंचीच्या अडीचपटीहून अधिक भरते, म्हणजे लहान पडद्यावर तोच उजेड तितक्याच पटीने दाट पडतो. ६० इंचांच्या चौकटीत चित्र सर्वांत तेजस्वी, परंतु प्रतिसादांची ओळ मातोश्रींना वाचता येईना. ७५ इंचांवर त्यांनी दोन वाचने ऐकली, स्तोत्राचे धृपद स्वतः वाचून म्हटले, आणि अर्पणविधीपर्यंत काही न बोलता पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "फादरांचे हात दिसतात. एवढे पुरे." पडद्याचे माप तेथे ठरले. धाकट्या नातवाचा चेहरा थोडा उतरला होता; पण त्या रात्री दिवे मालवून त्याच चौकटीत सामन्याचा एक तुकडा दाखविला, तेव्हा त्याचीही समजूत पटली.

७५ इंची पडदा म्हणजे सुमारे ६५ इंच रुंदी व ३७ इंच उंची. रुंदीला दीडपट केले म्हणजे यंत्र भिंतीपासून ८ फूट २ इंचांवर हवे. ते तेथे ठेवावे कशावर? जमिनीवर टेबल ठेवावे तर येताजाता प्रत्येकाची सावली पडद्यावर पडणार, आणि नातवंडांचे चेंडू कोठे जातील याचा नेम नाही. सिमेंटचे छत असते तर कोठेही भोक पाडता आले असते. कौलारू घरात यंत्राचा भार घेऊ शकते ती फक्त तुळई. आमच्या सोप्याच्या तुळया उत्तर-दक्षिण जातात, म्हणजे उजेड ज्या दिशेने फेकावयाचा त्याच दिशेने. ही फार मोठी सोय. तुळईच्या खाली यंत्र पुढेमागे हवे तेथे बसविता येते. डावीउजवीकडे मात्र तसूभरही सरकविता येत नाही. मधली तुळई कोऱ्या भिंतीच्या मध्यापासून १० इंच पूर्वेकडे होती. तेव्हा यंत्र भिंतीच्या मध्यावर ओढून आणण्याऐवजी आम्ही पडद्याचा मध्यच तुळईखाली नेला. पडदा १० इंच वेदीच्या बाजूस सरकला आहे. पण ते सांगितल्यावाचून कोणाच्या ध्यानात येत नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयाची. यंत्र एका बाजूला बसवून त्याचे तोंड तिरपे करणे सोपे असते, आणि तसे केल्याने समलंब चौकोनासारखे वाकडे झालेले चित्र सरळ करण्याचे बटणही बहुतेक यंत्रांत असते. परंतु ते बटण चित्र सरळ करते ते त्याचा काही भाग दाबून व काही ठिपके वाया घालवून. उजेड कमी होतो आणि बारीक अक्षर पुसट होते. ते अडीनडीचे औषध आहे, रोजचा आहार नव्हे. भिंग पडद्याच्या मध्याशी काटकोनात राहील असेच यंत्र बसवावे.

उंचीचा हिशेब वेगळा. मुले चटईवर बसतात. त्यांची डोकी जमिनीपासून ३ फुटांच्या आत राहतात. पडद्याची खालची कड त्यांच्या डोक्यांवरून मागच्या खुर्च्यांना दिसली पाहिजे. म्हणून ती साडेतीन फुटांवर घेतली; वरची कड आपसूक ६ फूट ७ इंचांवर आली. यंत्र छतापासून उलटे टांगावयाचे असते, आणि पुस्तिकेप्रमाणे आमच्या यंत्राचे भिंग चित्राच्या वरच्या कडेहून ४ इंच वर यावयास हवे, म्हणजे जमिनीपासून ६ फूट ११ इंचांवर. तुळई ९ फुटांवर असल्याने मध्ये जवळजवळ २ फुटांची लोखंडी नळी लागली. पडदा याहून खाली घेतला असता तर उंच माणसाचे डोके यंत्राला लागले असते. उलटे टांगल्यावर चित्र उलटे दिसते तेव्हा घाबरू नये; यंत्राच्या मांडणीत छतावरील जागेसाठी एक सोय असते, ती निवडली की चित्र सुलटते.

सुताराने गिरमिटाने तुळईत आरपार भोके पाडून नटबोल्ट बसविले. नुसत्या खिळ्यांवर किंवा स्क्रूवर यंत्र टांगणे आम्हांला मान्य नव्हते. यंत्राचे वजन ३ किलो; पण ते लावण्यापूर्वी त्या नळीला १० किलो तांदळाची पिशवी रात्रभर टांगून ठेवली. शिवाय यंत्राला एक बारीक साखळी तुळईशी वेगळी बांधली आहे, कारण त्याच्या खालून नातवंडे धावतात. मातोश्रींची खुर्ची नेमक्या यंत्राखाली न ठेवता हातभर बाजूला ठेवली, म्हणजे पंख्याचा आवाज व गरम हवा त्यांच्या अंगावर येत नाही.

कौलारू घरात आणखी काही शत्रू असतात. पहिला पाऊस. कौले कोठे गळतात हे पाहण्यासाठी आम्ही मृगाच्या सरी पडेपर्यंत थांबलो, आणि मगच यंत्र वर चढविले. दुसरा कौलांतून झिरपणारी धूळ. तुळईवर पत्र्याचे तिरपे छप्पर केले, पण बाजू उघड्या ठेवल्या, कारण यंत्राला हवा कोंडलेली चालत नाही. त्याची जाळी महिन्यातून एकदा पुसतो. तिसरा उंदीर, म्हणून तारा नळीतून नेल्या. तार घेताना भिंतीवरून, तुळईवरून, वळणे घेत किती लागेल ते सुतळीने मोजावे; सरळ रेषेत मोजून आणलेली तार नेहमी हातभर कमी पडते. चौथा विजेचा लहरी दाब; त्यासाठी स्टॅबिलायझर घेतला. ज्या यंत्रात जुन्या पद्धतीचा तापणारा दिवा असतो, त्याचा पंखा बंद होईपर्यंत वीज तोडू नये, हेही घरातील सर्वांना ठाऊक असावे.

खास पडदा आम्ही विकत घेतला नाही. गवंड्याकडून तेवढी चौकट लांबीने गुळगुळीत करून घेतली आणि तिला चमक नसलेला पांढरा रंग दिला. चमकदार तैलरंगावर दिव्याचा झगमगाट उठतो. कडेने तीन बोटे रुंद काळी पट्टी रंगविली, तिने चित्र अधिक रेखीव दिसते. दक्षिणेच्या खिडक्यांना जाड गडद कापडाचे पडदे, आणि छतातील काचेच्या कौलाखाली दोरीने सरकणारी एक फळी, एवढ्याने सकाळचा उजेड आटोक्यात येतो.

यंत्र जागेवर बसले. आता त्याची मर्यादा सांगणेही कर्तव्य आहे. परंपरा अशी सांगते की असिसीची संत क्लारा एका नाताळच्या रात्री आजारी असल्याने चर्चमध्ये जाऊ शकली नाही, तेव्हा तिला आपल्या खोलीच्या भिंतीवर तो उपासनाविधी दिसला. याच कारणाने १९५८ साली पोप बारावे पायस यांनी तिला दूरचित्रवाणीची आश्रयदात्री संत म्हणून घोषित केले. त्याच पोपमहोदयांनी ८ सप्टेंबर १९५७ रोजी चित्रपट, रेडिओ व दूरचित्रवाणी यांवर एक परिपत्र काढून या साधनांना देवाच्या देणग्या मानले आणि त्यांच्या दुरुपयोगाविषयी सावधही केले. क्लारेला ते दर्शन लाभले ते ती अंथरुणाला खिळली होती म्हणून, हे विसरता कामा नये. आजारी माणसाला रविवारच्या मिस्सेच्या बंधनातून ख्रिस्तसभाच मोकळीक देते. त्याला भिंतीवरील मिस्सा हा आधार आहे. धडधाकट माणसाने घरी बसून भिंतीवर मिस्सा पाहिली, तर त्याचे रविवारचे कर्तव्य पार पडत नाही. आणि भिंतीवरील चित्र कितीही स्पष्ट असले तरी त्यातून ख्रिस्तप्रसाद हाती येत नाही. मातोश्री आजही पहिल्या शुक्रवारची वाट तशीच पाहतात. किंबहुना थोडी अधिक उत्कंठेने.

म्हणून आम्ही घरात दोन नियम केले. रविवारी मातोश्रींबरोबर घरातील एक जण आळीपाळीने थांबतो, आणि तो स्वतः संध्याकाळच्या किंवा आदल्या दिवशीच्या मिस्सेला जातो. भिंतीपुढे त्यांना एकटे बसवीत नाही. दुसरा नियम रोजचा : आधी माळ, मग पडदा. वेदीवरील मेणबत्ती पेटलेली असेतो यंत्राचे बटण कोणी दाबावयाचे नाही. दुसरा नियम नातवंडांना जड जाईल असे वाटले होते. आता सामन्याच्या दिवशी तीच सर्वांना माळेसाठी वेळेवर गोळा करतात. त्यांच्या भक्तीत घाईचा अंश आहे हे खरे, परंतु ती वेळेवर येतात हेही खरे.

ज्या कुटुंबांच्या मनात असे यंत्र घ्यावयाचे असेल, त्यांना आमची एवढीच विनंती. प्रथम घरातील वेदी कोठे आहे ते पाहा आणि तिला झाकणार नाही, तिच्याकडे पाठ करावयास लावणार नाही अशी भिंत निवडा. भिंत लहान पडली तर पडदा लहान करा. वेदी हलवू नका. मग तुळई पाहा, उजेड पाहा, पुस्तिकेतील आकडा पाहा, आणि खडूने चौकट आखून दिवसाच्या उजेडात एकदा खात्री करून घ्या. आणि अंतर मोजावयास निघाल तेव्हा, घरात ज्याची दृष्टी सर्वांत अधू आणि पाय सर्वांत थकलेले असतील, त्याची खुर्ची आधी ठेवा आणि टेपचे पहिले टोक तेथे धरा.